लेमनग्रास तेल: गवत वावरात पिकतं, पैसा भट्टीवर ठरतो

वर्धा : सेलू, कारंजा, आष्टी, आर्वी या पट्ट्यात ज्याचं वावर जंगलाला लागून आहे, त्याला चण्या-तुरीपेक्षा रोही आणि रानडुकराचाच हिशेब जास्त ठेवावा लागतो. अशा माणसाच्या मोबाईलवर "जनावर खात नाही असं पीक, एकरी लाखोंचं उत्पन्न" ही जाहिरात आली, की बोट तिथं थांबतंच. हे पीक म्हणजे लेमनग्रास. जाहिरातीतला पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी खरा आहे. पानात उग्र वासाचं तेल असल्यामुळे गाय, बकरी, रोही सहसा त्याला तोंड लावत नाहीत. डुकरांचा कळप वावरातून गेला तर तुडवणं-उकरणं होतं, पण पीक खाऊन फस्त होत नाही. दुसरा अर्धा भाग, लाखोंचा, तो मात्र कागद-पेन घेऊन तपासावा लागतो. तेच या लेखात करू. शिवाय घरी बाटली आणली तर तिचं काय करायचं आणि काय करायचं नाही, तेही पाहू.

अंगणातला गवती चहा वेगळा

बहुतेकांचा पहिला गोंधळ इथंच होतो. विहिरीजवळ किंवा मोरीच्या पाण्यावर आपण जो गवती चहा लावतो, ज्याची पात चहात टाकतो, तो सिंबोपोगॉन सिट्रेटस. तेलासाठी आपल्या देशात जो वावरात लावतात तो त्याचा भाऊ, सिंबोपोगॉन फ्लेक्सुओसस. दिसायला जवळजवळ सारखे, वासही तोच लिंबाचा. पण तेलाच्या धंद्यात निवडलेल्या जाती चालतात. लखनौच्या सीमॅप या केंद्रीय संस्थेच्या 'कृष्णा', 'प्रगती', 'सिम-शिखर' या त्यातल्या ओळखीच्या जाती. शेजाऱ्याच्या अंगणातले ठोंब फुकट मिळतात म्हणून एकरभर लावले, तर चहा भरपूर होईल, तेलाची खात्री नाही.

या कुळातलं तिसरं गवत आपल्याकडच्या जुन्या माणसांना चांगलं माहीत आहे: तिखाडी, म्हणजे रोशा गवत. लेमनग्रास वऱ्हाडात नवीन असेल, पण गवतापासून तेल काढणं इथं नवीन नाही. मेळघाट, खानदेश, निमाड या जंगलपट्ट्यात शंभर-दीडशे वर्षांपूर्वी नाल्याकाठी भट्ट्या लावून रोशाचं तेल काढत. ते मुंबईहून जहाजानं अरबस्तानाकडे आणि तिथून तुर्कस्तानात जाई. त्याचा वास गुलाबासारखा, म्हणून तिथं गुलाबाच्या अत्तरात भेसळीला ते चाले. धंदा मोठा होता, पण नाव आपलं नव्हतं. लेमनग्रासचंही तसंच. केरळातून कोची बंदरातून जाणारं हे तेल जगभर 'कोचीन ऑइल' म्हणून विकलं जाई. केरळातल्या ओडक्कलीला १९५१ साली खास या गवतासाठी संशोधन केंद्र सुरू झालं. नंतर २०१७ च्या सुमारास केंद्राच्या सीएसआयआर संस्थेनं 'अरोमा मिशन' काढलं आणि हे गवत ओडिशा, झारखंड, छत्तीसगड, विदर्भ अशा कोरडवाहू भागात पोचलं. जुलै २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी झारखंडच्या बिशुनपूर इथल्या महिला गटांच्या लेमनग्रास शेतीचा उल्लेख केला, त्यानंतर तर रोपं विकणाऱ्यांची गर्दीच झाली.

घाणीत निघत नाही

वर्ध्याला तेलाची गोष्ट नव्यानं सांगायला नको. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला. त्याचं ठाणं आपल्याच मगनवाडीत, आणि कारभार जे. सी. कुमारप्पांकडे. तिथं झवेरभाई पटेलांनी बैलघाणीवर वर्षानुवर्षं काम करून कमी श्रमात जास्त तेल देणारी सुधारित घाणी तयार केली. तीळ, जवस, करडी, भुईमूग यांचं तेल दाण्यात भरलेलं असतं, दाबलं की निघतं.

गवताचं तसं नाही. लेमनग्रासच्या शंभर किलो ओल्या पात्यात तेल असतं जेमतेम अर्धा ते पाऊण किलो, आणि तेही पानातल्या बारीक पेशींत. दाबून हाती चोथाच येईल. म्हणून ते वाफेनं उडवून आणावं लागतं. याला 'ऊर्ध्वपातन' म्हणतात, आपण भट्टी म्हणू.

रचना सोपी आहे. खाली पाणी उकळतं, त्याच्यावर जाळी, जाळीवर गवत ठासून भरलेलं. वाफ गवतातून वर जाताना तेल सोबत घेऊन निघते. वरच्या नळीतून ती थंड पाण्याच्या हौदातल्या वेटोळ्यात किंवा नळ्यांच्या संचात जाते, तिथं तिचं पुन्हा पाणी होतं. ते पाणी एका भांड्यात पडतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वर तरंगतं. खालून पाणी सोडायचं, वरून पिवळसर तेल काढून घ्यायचं.

ज्यांनी मोहाच्या भट्टीबद्दल ऐकलंय ते म्हणतील, हे तर तेच. तत्त्व तेच आहे, खरं आहे. आणि आपला जिल्हा दारूबंदीचा. त्यामुळे वावरात टाकी, नळ्या आणि धूर दिसण्याआधी ग्रामपंचायतीला आणि बीट जमादाराला काय लावतोय ते सांगून ठेवलेलं बरं.

सोपी असली तरी भट्टीवरच तेल घडतं किंवा बिघडतं. कापलेलं गवत लगेच न भरता सावलीत पसरून अर्धा-एक दिवस सुकू द्यायचं. त्यातलं पाणी कमी झालं की टाकीत जास्त माल बसतो आणि सरपण वाचतं. पण ढीग लावून ठेवला तर आतून तापतो, सडतो आणि तेलाचा वास जातो. भरताना सगळीकडून सारखं दाबायचं. कुठं पोकळी राहिली तर वाफ तीच वाट धरते आणि बाकीचं गवत कोरडंच राहतं. पहिल्या तासाभरातच बरंचसं तेल येतं, पण एक घाण पूर्ण व्हायला अडीच-तीन तास धरा. नळीतून पडणारं पाणी कोमट असलं पाहिजे. गरम पडत असेल तर तुमचं तेल हवेत चाललंय. उन्हाळ्यात वर्ध्याचं तापमान ४५ च्या वर जातं, हौदाचं पाणीच गरम होतं. तेव्हा भट्टी पहाटे लावणारे शहाणे. वाफेची वाट कुठं बुजली तर टाकी फुटू शकते, म्हणून प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह नसलेली स्वस्त टाकी कोणी कितीही गळ्यात मारली तरी घेऊ नका.

टाकी स्टेनलेस स्टीलची बरी. साध्या लोखंडाच्या टाकीत तेलाचा रंग काळपट होतो आणि व्यापारी त्याच रंगावर भाव पाडतो. सरपणाला आपल्याकडे पऱ्हाटीच्या काड्या आहेतच, आणि आदल्या घाणीतलं वाळलेलं गवतही चालतं.

आता हिशेब

दोन फूट बाय दीड फुटावर लावलं तर एकरात साधारण साडेचौदा हजार ठोंब बसतात. ठोंब एक रुपयाला एक धरला तरी साडेचौदा हजार रुपये बियाण्यालाच गेले. एकदा लावलं की पीक चार-पाच वर्षं चालतं, ही त्यातली जमेची बाजू.

पहिली कापणी चार-पाच महिन्यांनी. नंतर ओलिताची सोय असेल तर दर अडीच-तीन महिन्यांनी, म्हणजे वर्षाला तीन-चार वेळा. कोरडवाहूत दोन. जमिनीपासून चार-सहा इंच वर कापायचं, बुडाशी खरडलं तर पुढचा फुटवा मार खातो. जम बसलेल्या ओलिताच्या पिकाला एकरी वर्षाकाठी आठ-दहा टन हिरवं गवत आणि त्यातून ४० ते ६० किलो तेल धरून चालावं. जास्तही येतं, पण हिशेब या आकड्यावरच करावा. पहिल्या वर्षी त्याहून कमी.

किलोला १,००० रुपये धरू. म्हणजे एकरी ४० ते ६० हजार, तेही खर्च वजा न करता. त्यातून कापणीची मजुरी, पहिल्या वर्षाचं निंदण, खत, सरपण, भट्टीचं भाडं गेलं की हातात काय उरतं ते ज्याचं त्यानं मांडावं. लाखो कुठंच दिसत नाहीत. चांगल्या ओलिताच्या काळ्या वावरात कापूस, तूर, हळद काढणाऱ्यानं ते सोडून लेमनग्रासच्या मागं लागावं, असं आम्हाला वाटत नाही. जिथं बरड जमीन आहे, उतार आहे, डुकरं-रोह्यांमुळे दुसरं पीक घरी येतच नाही, तिथला हिशेब वेगळा. तिथं तुलना कापसाशी नाही, पडीत वावराशी आहे. आणखी एक: भारी काळ्या जमिनीत पावसाचं पाणी साचलं तर हे पीक सडतं. निचरा त्याला लागतोच. वाळवी सोडली तर किडीचा त्रास मात्र कमी, फवारणीचा खर्च जवळपास वाचतो.

खरी अडचण पुढं आहे. एक टन गवतातून निघतं सहा-सात किलो तेल. एवढ्या तेलासाठी टनभर गवत मेटॅडोरमध्ये घालून चाळीस किलोमीटर नेलं तर नफा डिझेलमध्येच जातो. भट्टी गावात किंवा शेजारच्या गावात हवी. आणि भट्टी एकट्यासाठी परवडत नाही. एका एकराची एक कापणी म्हणजे अडीच-तीन टन. एक टनाच्या टाकीत दिवसाला दोन घाण निघाले तर दीड दिवसात काम संपलं, मग पुढचे अडीच महिने लाखांची टाकी उभी. म्हणून दहा-पंधरा एकर एका ठिकाणी जमले, शेतकरी गट किंवा महिला बचत गट झाला, कापणीच्या तारखा वाटून घेतल्या, तरच भट्टी पोसते. रिकाम्या दिवसांचा विचारही करता येतो. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद खणायच्या आधी जी पानं कापून धुऱ्यावर फेकतात, त्या पानांतूनही वाफेनं तेल निघतं. तीच टाकी, तीच माणसं. त्याचं तेल कोण घेतो हे आधी शोधायचं, एवढंच.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी घेणारा, मग भट्टी, मग ठोंब. जाहिरातवाले हाच क्रम उलटा करतात. ठोंब चढ्या भावानं विकतात, "तेल आम्हीच घेऊ" म्हणून साध्या कागदावर करार लिहून देतात, आणि तेल निघायच्या वेळी फोन बंद. ज्याची कमाई ठोंब विकण्यात आहे, त्याला तुमच्या तेलाची गरज नसते. करार करायचाच असेल तर भाव, सिट्रलचं प्रमाण, वजन कुठं होणार आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे लिहून घ्या. ठोंबांचे सगळे पैसे आगाऊ देऊ नका.

भाव वर-खाली का होतो

तेलात ७० ते ८५ टक्के असतं ते सिट्रल. लिंबाचा वास त्याचाच. साबण, फिनाईल, अगरबत्ती, सुगंधी द्रव्यं यांना ते लागतं. त्यापासून आयोनोन नावाचं रसायन बनतं आणि त्यातून 'अ' जीवनसत्त्वही. पण सिट्रल कारखान्यातही बनतं, शिवाय चीनमधल्या एका झाडाच्या फळापासून काढलेलं तेलही सिट्रलनं भरलेलं असतं. आपल्या गवताची स्पर्धा या दोघांशी. जर्मनीत बीएएसएफ कंपनीच्या सिट्रल कारखान्याला ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी आग लागली तेव्हा जगभर सिट्रलचा तुटवडा पडला होता. असल्या वर्षीचा भाव दाखवून कोणी पुढची पाच वर्षं रंगवत असेल, तर ऐकून घ्या आणि चहा पाजून पाठवा.

विकताना नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. गॅस क्रोमॅटोग्राफी या तपासणीत सिट्रल किती टक्के ते कळतं. ७५ च्या वर असेल तर बोलायला जागा मिळते. तेल काढल्यावर पाण्याचा अंश राहू देऊ नका, गाळून ॲल्युमिनियमच्या किंवा गडद काचेच्या भांड्यात काठोकाठ भरा आणि थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. उन्हात, हवेत आणि अर्ध्या रिकाम्या डब्यात सिट्रल खराब होतं. पातळ प्लास्टिकच्या बाटलीत तर ठेवूच नका, तेल प्लास्टिक खातं.

घरात काय उपयोग

गावातल्या दुकानात किंवा ऑनलाइन दहा-पंधरा मिलीची बाटली मिळते. घेतल्यावर पहिली तपासणी घरीच होते. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि ठेवून द्या. शुद्ध सुगंधी तेल बरंचसं उडून जातं, भज्याच्या कागदासारखा तेलकट डाग राहिला तर त्यात खाण्याचं स्वस्त तेल मिसळलंय. रॉकेलची भेसळ मात्र अशी कळत नाही, तिथं नाकावर विसंबा.

पहिला नियम: हे तेल पोटात घ्यायचं नाही. पात चहात टाकतो तर तेलाचा थेंब टाकला काय बिघडलं, असं कोणी विचारतं. दोन-चार पात्यांतून उतरतो तो अर्क अगदी फिका असतो, बाटलीतल्या थेंबात तोच कितीतरी पट दाटलेला. चहाला पातच बरी. लहान पोरानं बाटली तोंडाला लावली तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. डोळ्यात गेलं तर स्वच्छ पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा.

दुसरा नियम: कच्चं तेल अंगाला नाही. सिट्रलनं कातडी लाल होते, खाज सुटते, आणि जुनं झालेलं तेल जास्तच झोंबतं. दुखऱ्या पायाला किंवा वास म्हणून लावायचं असेल तर १०० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात फक्त दहा थेंब. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहा. गरोदर बाई आणि तान्ह्या लेकराला नकोच.

फरशी पुसायला ते छान आहे. पण तेल पाण्यात विरघळत नाही, नुसतं टाकलं तर वर तरंगतं आणि एकाच कोपऱ्यात वास येतो. आधी दोन चमचे पातळ साबणात किंवा रिठ्याच्या दाट पाण्यात वीस थेंब घोटून घ्या, मग अर्ध्या बादलीत टाका. माश्यांसाठी गोठ्याची फरशीही याच पाण्यानं धुता येते, जनावराच्या अंगावर मात्र शिंपडू नका. भट्टीवर तेल काढल्यावर जे सुगंधी पाणी उरतं, ते फेकून न देता याच कामाला वापरा. पाहुणे येणार असतील तर वाटीभर गरम पाण्यात पाच-सहा थेंब टाकून खोलीत ठेवलं की दमट वास जातो. चुलीजवळ किंवा दिव्याजवळ बाटली उघडी ठेवू नका, हे तेल पेट घेतं.

डासांचं काय? वासानं डास काही वेळ लांब राहतात, हे खरं. पण तेल उडून जाणारं, त्यामुळे परिणाम तासा-दोन तासांचा. रात्रभराचं काम मच्छरदाणीचंच, आणि कूलरमधलं साचलेलं पाणी आठवड्याला सांडायचं काम आपलं. डेंग्यूच्या दिवसांत या बाटलीवर विसंबू नये.

बचत गटांना साबण हा चांगला रस्ता आहे. एक किलो साबणाच्या बेसला साधारण ५ मिली तेल पुरतं. म्हणजे किलोभर तेलात जवळपास दोनशे किलो साबणाला वास येतो. तेल तसंच विकण्यापेक्षा गावातच वस्तू करून विकली तर भाव आपल्या हातात राहतो.

विचारायचं कुठं

मगनवाडीतच आता महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, लोक तिला एमगिरी म्हणतात. ग्रामीण रसायन उद्योग आणि वनौषधी प्रक्रिया हे तिचे स्वतंत्र विभाग आहेत. साबण किंवा सुगंधी वस्तू करायच्या असतील तर पहिली फेरी तिथंच मारा. शेतीच्या बाजूनं देवळी तालुक्यातल्या सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे, जमिनीचा निचरा आणि लागवड याबद्दल तिथं बोला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान गाडीनं जाऊन पाहण्यासारखं आहे. ठोंब घ्यायचे तर जातीचं नाव बिलावर लिहून घ्या.

भट्टीच्या कर्जासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. ग्रामीण भागात खुल्या गटाला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग यांना ३५ टक्के अनुदान असतं. स्वतःचा वाटा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. अर्ज ऑनलाइन, चौकशी वर्ध्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात. जाताना तेल घेणाऱ्याचं पत्र सोबत असेल तर बँकेचा साहेब फाईल लवकर उघडतो.

भट्टीतून निघालेलं उकळलेलं गवत फेकू नका. वाळवून सरपण, नाही तर संत्र्याच्या झाडाखाली आच्छादन. गांडूळ खतातही चालतं, फक्त आधी आठ-दहा दिवस उघड्यावर पडू द्या, म्हणजे उरलासुरला वास निघून जातो.